गरम झाल्यावर बसणारी लिफ्ट : जुन्या मॅसीचा पंप बदलण्याआधी

तुमचा प्रश्न असा आहे. घरी आजोबांच्या वेळचा मॅसी १०३५ ट्रॅक्टर आहे. सकाळी दोन फाळांचा नांगर आरामात उचलतो. तास-दीड तास काम झालं की नांगर अर्ध्यावर अडकतो, रेस वाढवली तरच वर जातो. वर गेला तरी लिफ्टचे आर्म, म्हणजे नांगर उचलणारे दोन हात, स्थिर राहत नाहीत, थोडे खाली येतात, परत वर जातात. इंजिन बंद केलं की दहा-पंधरा मिनिटांत नांगर जमिनीला टेकतो. मेकॅनिक म्हणतो पंप गेला, नवीन घाला. घालू का?

आज तरी घालू नका. तुम्हीच लिहिलंय की इंजिन बंद केल्यावर नांगर खाली येतो. इंजिन बंद म्हणजे पंप फिरतच नाही. मग नांगर कशामुळे खाली आला? सिलिंडरमध्ये कोंडलेलं तेल कुठून तरी निसटतंय म्हणून. आणि गरम झाल्यावर त्रास वाढतो, कारण गरम तेल पातळ होतं. सकाळी जी फट जाड तेलाला जेमतेम वाट देत होती ती दुपारी सताड उघडते. तुमचा पंप तेल देतोय. दिलेलं तेल टिकत नाही. पंप अगदीच मेला असता तर त्याने सकाळीही कुरकुर केली असती.

हे मी शहाणपणाने सांगतोय असं समजू नका. गॅरेज टाकल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी एका ऊसवाल्याच्या मॅसी ३५ चा पंप मी असाच बदलला होता. लक्षणं हुबेहूब हीच. पंप नवा, तेल नवं, संध्याकाळी लिफ्ट झोकात. दुसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता तो दारात हजर, आर्म पुन्हा डुलतायत. परत उघडलं तर पंपातून तेल वर नेणाऱ्या स्टँड पाइपच्या खालच्या ओ-रिंगला, म्हणजे रबरी कड्याला, एका बाजूला चीर. करंगळीच्या नखाएवढी. मजुरी मी घेतली नाही, पण नव्या पंपाचे पैसे त्याचे गेले ते गेलेच. त्या दिवसापासून गळती कुठे आहे ते डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी पंपाला हात लावत नाही.

आधी यंत्रणा समजून घ्या, नाहीतर पुढचं सगळं पाठांतर वाटेल. ही लिफ्ट हॅरी फर्ग्युसनच्या पद्धतीची. १९४६ साली विलायतेत कॉव्हेंट्रीत निघालेल्या त्याच्या टीई-२० ट्रॅक्टरमध्ये जी होती, तीच सुधारून १९५६ च्या एफई-३५ मध्ये आली आणि तिथून मॅसी ३५ मध्ये. मद्रासला १९६० मध्ये टॅफे ही ट्रॅक्टर कंपनी सुरू झाली आणि मॅसी फर्ग्युसनच्या सहकार्याने हे घराणं आपल्याकडे आलं. म्हणून तुमच्या १०३५ चं पोट आणि विलायतेतल्या जुन्या ३५ चं पोट बरंचसं सारखं आहे. कांदिवलीत बनलेल्या बी-२७५ ट्रॅक्टरची यंत्रणा मात्र निराळी. शेजाऱ्याकडे तो असेल तर हे उत्तर त्याला जसंच्या तसं लावू नका.

पंप गिअरबॉक्स आणि मागच्या धुऱ्याच्या मधल्या हौसिंगमध्ये, तेलात बुडालेला असतो. पीटीओकडे, म्हणजे रोटाव्हेटरसारखी अवजारं फिरवणाऱ्या मागच्या टोकाकडे, जाणारा शाफ्ट त्याच्यातूनच जातो आणि त्यालाच फिरवतो. आत चार पिस्टन. बाकीच्या बऱ्याच ट्रॅक्टरांत पंप सतत तेल ढकलतो आणि व्हॉल्व्ह ते तेल कुठे पाठवायचं ते ठरवतो. फर्ग्युसनने उलटं केलं. त्याचा कंट्रोल व्हॉल्व्ह पंपाच्या ओढीच्या बाजूला आहे. लिव्हर वर केला की व्हॉल्व्ह ओढीचं तोंड उघडतो, पंपाला तेल मिळतं, लिफ्ट उचलते. हवी ती उंची आली की तोंड बंद. पिस्टन फिरत राहतात, पण त्यांना प्यायला काही मिळत नाही. लिव्हर खाली केला की तोच व्हॉल्व्ह पलीकडे सरकून सिलिंडरमधलं तेल परत हौसिंगमध्ये सोडतो.

पंपातून निघालेलं तेल एका उभ्या नळीतून, म्हणजे स्टँड पाइपमधून, वरच्या लिफ्ट कव्हरमध्ये चढतं. तिथे सिलिंडर, त्यात पिस्टन. पिस्टन दांड्याला ढकलतो, दांडा शाफ्टला फिरवतो, आर्म वर. खाली यायला तेलाचा जोर लागत नाही, अवजाराचं वजनच आर्म खाली आणतं.

आता बघा, नांगर वर लटकलेला असतो तेव्हा कंट्रोल व्हॉल्व्हपासून पिस्टनच्या डोक्यापर्यंत सगळा रस्ता दाबाखाली असतो, इंजिन चालू असो वा बंद. या रस्त्यावर निसटायच्या जागा मोजक्याच आहेत: पाइपच्या खालची ओ-रिंग, वरची ओ-रिंग, सिलिंडर कव्हरला बसतो तो जोड, पिस्टनच्या रिंगा किंवा सील, जादा दाब सोडून देणारा रिलीफ व्हॉल्व्ह, कंट्रोल व्हॉल्व्ह आणि पंपाचे तेल बाहेर सोडणारे छोटे व्हॉल्व्ह. एवढ्यांपैकी कोण, हे शोधणं म्हणजेच तुमचं काम.

आर्म डुलतात तेही इथूनच कळतं. तेल निसटलं, आर्म बोटभर उतरले. आर्मची उंची सांभाळणाऱ्या पोझिशनच्या कड्यांना कळलं की उंची कमी झाली, त्यांनी व्हॉल्व्ह उघडला, पंपाने भर घातली, आर्म वर. पुन्हा निसटलं, पुन्हा भर. म्हणजे प्रत्येक डुलकी हा गळतीचा एक घोट. आमच्याकडे पोरं म्हणतात, "लिफ्टला पेंग आली."

पाना न लावता होणाऱ्या गोष्टी आधी करा.

ट्रॅक्टर सपाट जागी उभा करा, आर्म पूर्ण खाली सोडा आणि मग तेलाची पट्टी बघा. आर्म वर असताना बघितलं तर सिलिंडरमधलं तेल हिशोबात येत नाही. या ट्रॅक्टरला गिअर, डिफरन्शियल आणि हायड्रॉलिक मिळून एकच तेल, ३० लिटरच्या आसपास. पट्टीवरची खूण खरी माना, माझा आकडा नाही. तुम्ही याच ट्रॅक्टरवर पलटी होणारी ट्रॉली चालवत असाल तर आणखी एक लक्षात घ्या: ट्रॉली उचलली की तिच्या जॅकमध्ये जाणारं तेल याच हौसिंगमधून जातं. पातळी आधीच कमी असेल तर ट्रॉली वर असताना पंप हवा ओढायला लागतो, त्यात ट्रॅक्टर उताराला उभा असेल तर बघायलाच नको. आणि त्या पाइपचं तोंड मातीत लोळत असतं. ते न पुसता जोडलं की बांधावरची माती थेट कंट्रोल व्हॉल्व्हमध्ये. जुन्या व्हॉल्व्हवर मी बघितलेले निम्मे ओरखडे या ट्रॉलीच्या पाइपचे आहेत.

मग तेलाचा रंग. काळपट चालेल. दुधाळ, ताकासारखं असेल तर पाणी गेलंय. आपल्याकडे पोळा आणि दसरा या दोन दिवसांनंतर हे हमखास दिसतं. ट्रॅक्टर ओढ्यावर नेऊन पाण्याच्या जोराने धुतात, गिअर लिव्हरचा रबरी बूट फाटलेला असतो, पाणी सरळ आत. पावसाळ्यात उघड्यावर उभ्या ट्रॅक्टरचंही तेच. पाण्याने बारीक व्हॉल्व्हच्या बसण्याच्या जागेवर गंजाचे ठिपके पडतात आणि मग ते व्हॉल्व्ह कधीच घट्ट बसत नाहीत. दुधाळ तेल पूर्ण काढा, तेल गरम असताना काढा म्हणजे गाळही निघेल, आणि बूट आधी बदला. नवा बूट येईपर्यंत सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून तारेने आवळला तरी एक पावसाळा निघतो.

जाड तेलाचा उपाय कुणीतरी सुचवेलच. १४० नंबरचं तेल घाला, लिफ्टचं डुलणं थांबेल. थांबते, खोटं नाही. फट तशीच राहते, फक्त जाड तेल तिथून सावकाश निसटतं. मग थंडीच्या सकाळी तेच तेल पंपाला ओढवत नाही आणि लिफ्ट सकाळीच हट्ट करते. जुना ट्रॅक्टर विकायला काढलेल्याच्या पोटात असं तेल बऱ्याचदा सापडतं. कंपनीच्या पुस्तकात जी ग्रेड दिलीय तीच घाला.

आता मोजमाप. नांगर पूर्ण वर घ्या, इंजिन बंद करा, एका आर्मच्या टोकाशी जमिनीपासून काठी उभी धरून खडूने खूण करा. दहा मिनिटांनी किती बोटं उतरला ते लिहून ठेवा. हे दोनदा करा, एकदा सकाळी थंड असताना आणि एकदा दुपारी काम थांबवल्या थांबवल्या. मग इंजिन हळू चालू ठेवून, नांगर वर ठेवून, एका मिनिटात किती डुलक्या येतात त्या मोजा. तेही दोनदा. हे चार आकडे हातात आले की दुरुस्तीनंतर फरक पडला की नाही याचा वाद घालायला लागत नाही. इतक्या जुन्या ट्रॅक्टरने रात्रभरात नांगर खाली ठेवला तर मी त्याला दोष म्हणत नाही. दहा मिनिटांत ठेवला तर तो दोष आहे.

एक गोष्ट कटाक्षाने पाळा. लटकलेल्या नांगराखाली काही करायचं असेल तर आधी खाली लाकडी ओंडके लावा. ही लिफ्ट न सांगता खाली येते हे तुम्हाला माहीतच आहे, म्हणून तर तुम्ही विचारताय.

पुढची तपासणी प्रेशर गेजची. लिफ्ट कव्हरवर पुढच्या बाजूला ट्रॉलीचा पाइप जोडायचा प्लग असतो, तिथे ५००० पीएसआयचा (पीएसआय म्हणजे दाबाचं माप) गेज बसतो. तालुक्याला कुठल्याही हायड्रॉलिक पाइप बनवणाऱ्याकडे गेज आणि जोडणी मिळते, भाड्यानेही मिळते. लिव्हर सतत पंपिंगच्या खुणेवर ठेवा आणि काटा बघा. या घराण्यात रिलीफ व्हॉल्व्ह मॉडेलप्रमाणे २५०० ते ३००० पीएसआयच्या दरम्यान उघडतो. काटा तिथे पोचला आणि रिलीफ व्हॉल्व्ह किंचाळला की लगेच लिव्हर खाली घ्या, जास्त वेळ किंचाळू देऊ नका. थंड असताना काटा पूर्ण चढतो आणि गरम झाल्यावर अर्ध्यावर अडकतो, असं झालं तर गळतीचा संशय पक्का. थंड असतानाही अर्ध्यावरच अडकत असेल तर रिलीफ व्हॉल्व्हची स्प्रिंग किंवा पंप, दोघांपैकी एक. गेज नसेल मिळत तर अडून बसू नका. पुढची पायरी गेजपेक्षा जास्त सांगते.

ती म्हणजे खिडकी. हौसिंगच्या उजव्या बाजूला, तेलाची पट्टी असते ते झाकण. बोल्ट काढले की झाकण निघतं आणि आतला पंप, त्यावर उभा स्टँड पाइप, वरून खाली लोंबणारा व्हॉल्व्हचा उभा लिव्हर, सगळं समोर दिसतं. झाकण काढण्याआधी तेल खिडकीच्या खालच्या काठापर्यंत उतरवून घ्या, नाहीतर पायात वाहील. पंप तळाशी असल्यामुळे उरलेल्या तेलात त्याचं भागतं. तेल स्वच्छ डब्यात धरा, तेच परत घालायचं असेल तर जुन्या धोतराच्या कापडातून गाळा. पोत्याच्या किंवा सुती दोऱ्याच्या चिंध्या आत नेऊ नका, एक दोरा सुटला की तो पंपाच्या तेल गाळणाऱ्या जाळीवर जाऊन बसतो.

नांगर जोडलेला, ट्रॅक्टर गरम. एकाला सीटवर बसवा, दुसऱ्याने बॅटरी धरून खिडकीतून बघायचं, तोंड लांब ठेवून. आत शाफ्ट फिरतोय, म्हणून हात बाहेर, बाही दुमडलेली, गळ्यात उपरणं नाही. आणि गळती बोटाने चाचपायची नाही. या दाबाचं तेल सुईसारखं कातडीत घुसतं. दिसायला टाचणीचं टोक आणि आत पूर्ण बोट सडतं. अंदाज घ्यायचा तर पुठ्ठ्याचा तुकडा धरा.

इंजिन हळू, नांगर वर. आता शांतपणे बघा.

पाइप पंपात घुसतो तिथून पंख्यासारखी धार उडाली तर खालची ओ-रिंग. पाइपच्या वरच्या टोकाकडून तेल अंगावरून ओघळत आलं तर वरची. ही दोन्ही मिळून माझ्याकडे आलेल्या डुलणाऱ्या लिफ्टांतल्या अर्ध्याहून जास्त आहेत. आणि चांगली गोष्ट ही की यासाठी पूर्ण लिफ्ट कव्हर उचलावं लागत नाही. नांगर खाली ठेवा, दाब सोडा, कव्हरवर पाइपच्या डोक्यावरची टोपी खोला आणि पाइप वर ओढून घ्या. घट्ट असेल तर फिरवत फिरवत काढा, पान्याने आवळून ओढू नका, पाइपला खाच पडली की नवी ओ-रिंगही तिथे टिकत नाही. ओ-रिंग दुकानात नुसतं माप लावून घेऊ नका. नळाच्या वायसरवाल्याकडची काळी रिंग मापाने तंतोतंत बसेल आणि गरम तेलात पंधरा दिवसांत खरवसासारखी होईल. हायड्रॉलिकचीच मागा. बसवताना रिंगेला तेल लावा, पाइपच्या तोंडाला धार असेल तर बारीक पॉलिश कागदाने मोडा. माझ्या त्या ऊसवाल्याची रिंग अशाच धारेने कापली होती, आणि ती बसवली होती मीच.

पाइप कोरडा आहे पण वरून, मागच्या बाजूला, पावसाच्या वळचणीसारखं पाणी गळावं तसं तेल पडतंय? मग सिलिंडर. जुन्या पिस्टनला रिंगा असतात, नंतरच्यांना सील. पिस्टनच्या मागून तेल येतंय की सिलिंडर आणि कव्हरच्या जोडातून, हे खिडकीतून सांगता येत नाही. त्यासाठी कव्हर काढावंच लागतं. सिलिंडर काढल्यावर आत नखाने चाचपा. ओरखडा नखाला लागला तर नुसतं सील बदलून भागणार नाही, सिलिंडरही बदला. केसाएवढी चीर कधी कधी डोळ्याला दिसत नाही, रॉकेलने धुऊन वर खडूची पूड मारली की तेलाची रेघ उमटते. मी अशी एक चीर दोन वेळा कव्हर उघडून झाल्यावर तिसऱ्यांदा पकडली आहे.

पंपाच्या अंगावरच्या रिलीफ व्हॉल्व्हमधून काटा पूर्ण चढण्याआधीच धार येत असेल तर तो. त्याच्या स्प्रिंगखाली वायसर घालून दाब वाढवायची युक्ती बरेच जण करतात. करू नका. कव्हर फुटलेले दोन ट्रॅक्टर माझ्याकडे या युक्तीमुळे आलेत. व्हॉल्व्ह अख्खा बदला.

आणि कुठेच धार नाही, वरून थेंब नाही, तरी गरम असताना उचलत नाही, किंवा इंजिन बंद केल्यावर नुसता खाली उतरतो? तेव्हा कुठे पंपाकडे वळायचं. तिथेही आधी कंट्रोल व्हॉल्व्ह आणि त्याची सील, मग ओढीची जाळी. जाळी गाळाने भरली असेल तर लिफ्ट सावकाश उचलते, पण उचलल्यावर डुलत नाही. हा फरक ध्यानात ठेवा. त्यानंतर पंपाचे छोटे व्हॉल्व्ह. चारपैकी एका खणाचा व्हॉल्व्ह बसत नसेल तर नांगर वर जाताना ठराविक तालात धक्के देत जातो, सायकलच्या चेनचा एक दात मोडल्यासारखा. इंजिन अगदी हळू ठेवलं तर धक्के मोजता येतात. ही डुलकी नव्हे. डुलकी उचलून झाल्यावर येते, धक्के उचलताना येतात. तुमच्या वर्णनात डुलकी आहे, धक्का नाही, म्हणून मी सुरुवातीलाच पंपाला बाजूला ठेवलं. पंपाचेसुद्धा व्हॉल्व्ह, सील मिळतात. पिस्टन आणि त्यांची भोकं झिजली नसतील तर अख्खा पंप घ्यायची गरज नाही.

एक अपवाद. खिडकीतून सगळं कोरडं, गेज नीट, पण जोर लागला की लिफ्ट मरते आणि त्याच वेळी पीटीओवरचं अवजारही मंदावतं, तर दोष क्लचचा. दुहेरी क्लचच्या ३५ मध्ये पंप दुसऱ्या प्लेटवर चालतो, ती घसरायला लागली की लिफ्टवर आळ येतो. साध्या एका क्लचच्या ट्रॅक्टरमध्ये क्लच दाबला की लिफ्ट थांबते, तो दोष नाही, रचनाच तशी आहे. नवीन ट्रॅक्टरवरून जुन्यावर बसलेला माणूस हमखास ही तक्रार घेऊन येतो. टीई-२० वाल्यांसाठी आणखी एक: त्यांच्यात पीटीओचा लिव्हर टाकल्याशिवाय पंप फिरतच नाही. हौसेने जुना फर्ग्युसन घेतलेले लोक लिफ्ट खराब म्हणून फोन करतात आणि एक लिव्हर ढकलल्यावर काम होतं. फोनवर दुरुस्ती, फी नाही.

तुम्ही शेवटी ओझरतं विचारलंय की नांगर काळ्या रानात कधी खोल जातो, कधी उथळ. हे वेगळं प्रकरण आहे, गळतीशी बांधू नका. टॉप लिंक, म्हणजे नांगराला वरून धरणारा दांडा, ट्रॅक्टरला जिथे जोडते तिथे आत एक मोठी स्प्रिंग आहे. नांगराला माती जड लागली की टॉप लिंक ती स्प्रिंग दाबते आणि व्हॉल्व्ह नांगराला किंचित उचलतो, हलकी लागली की सोडतो. ड्राफ्ट कंट्रोल म्हणतात ते हेच. आता टॉप लिंक काढून ती ज्याला जोडते तो कान हाताने पुढे-मागे हलवून बघा. खडखड वाजला, मोकळा सरकला, तर स्प्रिंगला सैलपणा आलाय. मातीचा जोर आधी तो सैलपणा संपवण्यात जातो आणि मग एकदम व्हॉल्व्हला कळतो. कान हाताने गोल फिरायला हवा, पण पुढे-मागे अजिबात सरकायला नको, असा आवळा. नांगर ड्राफ्टच्या लिव्हरवर चालवा आणि रोटाव्हेटर पोझिशनच्या लिव्हरवर. तुमच्याकडे दोघांसाठी एकच लिव्हर वापरला जातोय असं मला वर्णनावरून वाटतंय. आजोबांना विचारा, त्यांना माहीत असेल.

कव्हर उचलायची वेळ आलीच तर चेन पुली लावा. दोघा-तिघांनी हातांनी उचलायचा पुरुषार्थ नको, बोटं जातात आणि आतला उभा लिव्हर वाकतो. उचलण्याआधी खिडकीतून तो लिव्हर व्हॉल्व्हपासून सोडवून घ्या. आणि बसवताना तर खिडकीतून बघितल्याशिवाय बोल्ट आवळूच नका. लिव्हर आपल्या जागेत बसला नाही तर सगळं काम चोख होऊनही लिफ्ट हलणार नाही, किंवा वर जाऊन किंचाळत राहील, खाली यायचं नाव घेणार नाही. "उघडायच्या आधी निदान थोडी तरी उचलत होती" अशी तक्रार ऐकली की मी आधी हेच बघतो. आर्मच्या शाफ्टच्या टोकाचे नटही खूप आवळू नका. आर्म रिकामे असताना आपल्या वजनाने सावकाश खाली आले पाहिजेत. येत नसतील तर नट आवळलेत, तेलात दोष शोधू नका.

नवीन पॅकिंग घालताना शेलॅकचा, म्हणजे पॅकिंग चिकटवायच्या लाखेचा, जाड थर नको. जास्तीचा थर आत पापुद्रे होऊन पडतो आणि तो शेवटी जाळीवरच जातो. खिडकीच्या झाकणाचं पॅकिंग मात्र नवंच घाला, जुनं उलटं करून लावलेलं महिनाभरात पाझरतं आणि उजवं चाक तेलकट दिसायला लागलं की तुम्ही पुन्हा मलाच विचारणार.

सगळं बसवून झाल्यावर तेल खुणेपर्यंत भरा, नांगर दहा-बारा वेळा वर-खाली करा म्हणजे पाइपमधली हवा निघेल, मग पातळी पुन्हा बघा, थोडी उतरलेली असेल. पहिल्या दिवशी वर्कशॉपच्या दारात उचलून खूश होऊ नका. रानात घाला, दीड-दोन तास नांगरा, आणि तेल तापलेलं असतानाच काठी आणि खडू घेऊन बसा. दहा मिनिटांत किती बोटं उतरतो आणि मिनिटाला किती डुलक्या येतात, ते आधीच्या दुपारच्या आकड्यांशेजारी लिहून मला कळवा. खिडकीतून काय दिसलं तेही लिहा, धार कुठून आणि कशी, पंख्यासारखी की ओघळासारखी. त्यावरून पुढे कव्हर उघडायचं की नाही ते सांगतो.